मुंग्या येतात म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेताय? या चुका टाळा

परभणीत माझं मेडिकल आहे. "हातापायाला मुंग्या यायलेत, ताकदीची गोळी द्या," असं म्हणत दिवसाआड कुणीतरी येतंच. त्यात माळकरी मामा-मावशी बरेच. अशा मुंग्यांमागे बी१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. भाकरी, वरण, पालेभाजी यांत बी१२ नसतं. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून मिळतं आणि आपल्याकडे दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं.

पहिली चूक म्हणजे 'बी' म्हटलं की सगळं एकच समजणं. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये बी१२ बहुधा १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणून धडधाकट माणसाला ते ठीक. पण रक्तात कमतरता निघाली असेल तर तेवढ्याने भागत नाही. शरीर एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषतं आणि उरलेल्यातलं शंभरात एक भाग आत जातं. म्हणून डॉक्टर १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा सुई देतात. स्ट्रिपवर आकड्यापुढचं एकक वाचा. १००० मायक्रोग्रॅम म्हणजे फक्त १ मिलिग्रॅम.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते. मुंग्या थांबेनात म्हणून लोक नसांच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या सोबत खातात. दोन्हींत बी६ असतं, एखादीत १०० मिलिग्रॅमपर्यंत. गरज असते दोनेक मिलिग्रॅमची. जास्तीचं बी६ महिनोन्‌महिने पोटात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात आणि मुंग्या येतात. माणूस समजतो गोळी कमी पडायली आणि अजून एक वाढवतो. दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवून 'पायरिडॉक्सिन' (म्हणजेच बी६) हा शब्द शोधा आणि दोन्हींतले आकडे मिळवून पाहा.

आधी सुई घेऊन मग रक्त तपासू नका. आकडा फुगलेला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यावरही असंच फसायला होतं. हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी१२ कमीच असेल तर नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांनी दिलेली फॉलिकची गोळी हे वाचून बंद करू नये.

शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा रोज सकाळी पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर बी१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ही औषधं बी१२चं शोषण घटवतात. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर थायरॉईड तपासण्याआधी लॅबवाल्याला सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

आणि लघवी गर्द पिवळी झाली म्हणून "गोळी उष्ण पडली" म्हणत ती सोडू नका. तो रंग बी२चा आहे, त्याने काही होत नाही.