टेक्सासमध्ये मडच्या जमीन घेण्याच्या पॉवरवर बिल आलं तर ते कसं वाचायचं

शहराच्या हद्दीबाहेर नवीन वस्ती झाली की तिथलं पाणी, सांडपाणी, ड्रेनेज बहुतेक वेळा म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट बघतं, म्हणजे मड. मड टॅक्स सगळ्यांना माहीत असतो, पण हेच मड एमिनंट डोमेन वापरून तुमची जमीन किंवा तिच्यातून पाइप टाकायचा हक्क, तुम्ही नाही म्हणालात तरी, मोबदला देऊन घेऊ शकतं हे नोटीस हातात पडेपर्यंत बऱ्याच जणांना कळतच नाही.

नवीन मड बरेचदा राज्याच्या विधिमंडळात बिल आणून बनवतात, तर टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन या विधिमंडळाच्या साइटवर आपल्या काउंटीच्या नावाने असं बिल आहे का ते शोधा. रेग्युलर सेशन विषम वर्षीच असतं, जानेवारीत सुरू होऊन १४० दिवसांत संपतं, त्यामुळे मे महिन्यात जाग येऊन काही उपयोग नाही.

बिलातली बोर्डावर डायरेक्टर किती वगैरे पानं भराभर सोडा आणि शेवटाकडे जा, खरी गोष्ट तिथे असते. २००९ साली लोकांनी मत देऊन राज्यघटना बदलली, तेव्हापासून कुठल्याही संस्थेला एमिनंट डोमेन नव्याने द्यायचं तर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे हाउसमध्ये १५० पैकी १०० आणि सिनेटमध्ये ३१ पैकी २१. म्हणून नवीन मडच्या बिलात बरेचदा असं लिहिलेलं असतं की एवढी मतं पडली नाहीत तर डिस्ट्रिक्ट होईल, पण जमीन सक्तीने घेता येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की अख्ख्या बिलाला विरोध करत बसू नका, पाणी लोकांना लागतंच, तुमच्या रिप्रेझेंटेटिव्हला एवढंच सांगा की ती मनाई मतांवर सोडू नका, सरळ बिलात घाला.

मग हद्द बघा. वॉटर कोडचं, म्हणजे राज्याच्या पाण्याविषयीच्या कायद्याचं, कलम ४९.२२२ डिस्ट्रिक्टला हद्दीच्या आत आणि बाहेरही जमीन घेऊ देतं, पण ५४.२०९ मडला हद्दीबाहेर ट्रीटमेंट प्लांट, पाण्याची टाकी, पार्क यांच्या जागेसाठी एमिनंट डोमेन वापरू देत नाही. बिलात ५४.२०९ ला बगल देणारी एखादी ओळ आहे का ते नीट शोधा, आणि पाइपलाइन या यादीत नाही हेही लक्षात ठेवा, शेतातून लाइन जाणार असेल तर हे कलम तुम्हाला वाचवणार नाही.

कमिटीची हिअरिंग लागली की ऑस्टिनला जाऊन नाव नोंदवा, बोलायला थोडाच वेळ देतात, म्हणून कलम नंबर आणि आपल्या जागेचा नकाशा हाताशी ठेवा.

आणि मडकडून जमिनीसाठी ऑफरचं पत्र आधीच आलं असेल तर घाईने सही करू नका प्लीज. पहिल्या लेखी ऑफरनंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय फायनल ऑफर देता येत नाही, तिच्यावर विचार करायला किमान १४ दिवस मिळतात, सोबत सर्टिफाइड अप्रेझरचा, म्हणजे जमिनीची किंमत ठरवणाऱ्याचा, रिपोर्ट आणि लँडओनर्स बिल ऑफ राइट्स या जमीनमालकाचे हक्क सांगणाऱ्या पत्रकाची प्रत त्यांनी द्यावीच लागते. नसेल दिली तर लेखी मागा.