अल्बारिन्योच्या सेलरमध्ये पहिला हंगाम: कोल्हापुरातून जाणाऱ्यांसाठी

नाशिकचा वाईनचा हंगाम जानेवारी ते मार्च, गॅलिसियाचा सप्टेंबरात. मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री करून कोल्हापुरातून बाहेर पडणाऱ्याला एका वर्षात दोन्हीकडे सेलरमध्ये, म्हणजे वाईन बनते त्या जागी, हंगामी काम साधता येतं. गॅलिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा. तिथल्या रियास बायशास पट्ट्यात अल्बारिन्यो या स्थानिक द्राक्षाची पांढरी वाईन होते आणि 1988 पासून रियास बायशास या नावाला कायद्याचं संरक्षण आहे.

तासगाव-पलूसकडच्या मुलांना तिथली बाग परकी वाटत नाही. ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव असतो, कारण हवा समुद्राची, दमट. घड उंच टांगले की खालून वारा खेळतो. रोगही ओळखीचेच, केवडा आणि भुरी. छाटणी मात्र एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडच्या खरड आणि फळ अशा दोन छाटण्यांचा हिशेब तिथे विसरायचा.

ही वाईन ताजी लागते ती द्राक्षातल्या आंबटपणामुळे, आणि तो ताजेपणा टिकतो थंडाव्यामुळे. मणी लहान, साल जाड, रस कमी. म्हणून प्रेसचा, म्हणजे द्राक्षं दाबून रस काढायच्या यंत्राचा, दाब वाढवून चार लिटर जास्त काढायचा मोह होतो. शेवटचा रस वेगळ्या टाकीत घ्या, नाहीतर सालीचा कडवटपणा सगळ्या मालात उतरतो. क्रेट साधारण 20 किलोचे. त्याहून जास्त भरले तर खालचे मणी फुटून वाटेतच आंबायला लागतात.

रस बिघडू नये म्हणून त्याला 40 पीपीएम (लिटरला 40 मिलिग्रॅम) सल्फर डायऑक्साइड द्यायचा असेल तर 1000 लिटरला 70 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं, कारण त्यातला 57 टक्केच भाग कामाचा. नवखे हमखास 40 ग्रॅमच मोजतात. मग रस 10 अंशांच्या आसपास रात्रभर निवळू द्यायचा. गढूळ राहिला तर वास जड येतो. अगदी काचेसारखा केला तर यीस्टची उपासमार होते.

यीस्ट 100 लिटरला 20 ग्रॅम. ते 200 मिली कोमट पाण्यात, 35 ते 38 अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. गरम द्रावण थेट थंड रसात ओतलं तर यीस्टला धक्का बसतो. थोडा थोडा रस मिसळत दोघांतला फरक 10 अंशांच्या आत आणा, मगच टाकीत सोडा.

किण्वन, म्हणजे यीस्टने रस आंबवणं, 15 ते 17 अंशांवर, दोन-तीन आठवडे. कोल्हापुरात मार्चमधल्या खोलीच्या तापमानाला हेच काम काही दिवसांत उरकतं आणि फळाचा वास वायूबरोबर उडून जातो. रसाची घनता सकाळ-संध्याकाळ मोजायची. कुजक्या अंड्याचा वास आला की यीस्टला नायट्रोजन कमी पडला असं आधी धरायचं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) 100 लिटरला 20 ग्रॅम दिलं तर 42 पीपीएमच्या आसपास नायट्रोजन मिळतो, पण ते किण्वनाचा पहिला एक-तृतीयांश भाग होईपर्यंतच द्या. उशिरा दिलेलं यीस्ट घेत नाही. आणि डीएपी खाद्य दर्जाचं. शेतातल्या खताच्या पोत्याकडे बघूसुद्धा नका!

नाकाची तयारी कोल्हापुरातच होते. लिंबाची साल, पपनस, पिकलेलं पीच, कच्चं सफरचंद झाकलेल्या वाट्यांत ठेवून डोळे मिटून ओळखा. तांबड्या रश्श्यानंतर चव घेऊ नका. तिखटावर अल्कोहोल नुसतं जाळतं. या वाईनच्या खारटपणाबद्दल फार बोललं जातं, पण समुद्राच्या वाऱ्याने मीठ वाईनमध्ये येतं असं परीक्षेत लिहू नका. डब्ल्यूएसईटी (वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या संस्थेच्या वाईनच्या परीक्षेत दुसऱ्या पातळीला 50 बहुपर्यायी प्रश्न आणि एक तास, प्रत्यक्ष चव नाही. ती तिसऱ्या पातळीला, दोन वाईनची. सेलरमधल्या हंगामी कामाला दुसरी पुरते. त्यापेक्षा कामापुरती स्पॅनिश जास्त उपयोगी.

सुरुवातीचे दिवस हातात पाईप आणि ब्रश असतो. त्याचा कंटाळा करू नका. वाईन बिघडते ती बहुधा न धुतलेल्या व्हॉल्व्हमधून. एक गोष्ट मात्र कुणी सांगायची वाट बघू नये: किण्वनातला कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो टाकीच्या तळाशी आणि खोलगट जागेत साचतो. रिकामी दिसणारी टाकी घासायला आत उतरण्याआधी पंखा लावून हवा खेळवा, मीटरने तपासा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवा. आतला बेशुद्ध पडला तर बाहेरच्याने मागोमाग उडी मारायची नाही, आधी मदत बोलवायची.