रब्बीतला रोही: हरभरा घाट्यावर येण्याआधी वाट अडवा

तूर शेंगांवर आणि हरभरा वीतभर, हा विदर्भातला रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, हंगाम. पावसाळ्यात पडीक रानात, झुडपी जंगलात त्याला चारा मुबलक असतो. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळतं आणि हिरवं म्हणून उरतं ते आपल्या वावरात. तूर आणि पऱ्हाटी उभी असेपर्यंत दिवसा लपायलाही जागा मिळते. तूर सोंगली की आडोसा जातो खरा, पण तोवर कळपाला हरभऱ्याची चव लागलेली असते. एकदा लागलेली सवय मोडणं फार कठीण, म्हणून बंदोबस्त आताच करा.

नुकसान रोह्याचंच आहे का, हे आधी ओळखा. रोह्याला, गाईबैलांसारखेच, वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तो पाला ओढून तोडतो, त्यामुळे शेंडा फाटल्यासारखा, धागे निघालेला दिसतो. सशाने खाल्लेलं झाड कात्रीने तिरपं कापल्यासारखं असतं आणि रानडुक्कर जमीन उकरून ठेवतं. आणखी एक पक्की खूण म्हणजे लेंड्यांचे ढीग. रोही ठरावीक जागीच, पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. धुऱ्यावर किंवा पांदणीला जुन्या लेंड्यांवर ताज्या पडलेल्या दिसल्या, तर कळपाची ये-जा तिथूनच आहे असं समजा.

रोही हे आशियातलं सर्वांत मोठं कुरंग. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोच्याही वर जातो. नर निळसर राखाडी, मादी बदामी. शिंगं फक्त नराला आणि तीही वीतभरच. माद्या आणि पिल्लं कळपात राहतात, मोठे नर बहुधा वेगळे हिंडतात. गर्भकाळ सुमारे 8 महिन्यांचा असतो आणि जुळी पिल्लं नेहमीची, त्यामुळे संख्या लवकर वाढते. पाणवठा दूर असला तरी त्याचं भागतं. गावालगत माणसांची वर्दळ असेल तर तो दिवसा झुडपात बसून राहतो आणि रात्री, पहाटे चरायला निघतो. जागल करायची तर या वेळा सांभाळा. रात्रभर डबे बडवून दमलेला माणूस पहाटे झोपतो आणि नेमका तेव्हाच कळप उतरतो.

त्याचे कान आणि नजर तीक्ष्ण आहेत. वासाच्या बाबतीत मात्र तो तितका तरबेज नाही. म्हणून सडक्या अंड्यांचं पाणी, आंबवलेलं ताक-लसूण अशा फवारण्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. कडेच्या चार-पाच ओळींवर फवारा, दवाने धुपलं की पुन्हा फवारा आणि काढणीला आलेल्या पिकावर टाळा. रंगीत साड्यांचं कुंपण, चमकणारी पट्टी, दिवे हे सगळं चालतं, पण थोडे दिवस. एकाच जागी एकच बुजगावणं उभं राहिलं की रोही त्याच्या शेजारीच चरतो. जागा आणि प्रकार बदलत राहा.

कडेला करडईचे पट्टे घेण्याची आपल्याकडची जुनी रीत चांगलीच आहे. मात्र कोवळ्या करडईला काटे नसतात आणि तीही खाल्ली जाते. म्हणून पुढच्या हंगामात करडई हरभऱ्याच्या आधी पेरा, म्हणजे हरभरा फुलावर येईपर्यंत काटे टणक होतील.

कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे खाल्ले गेले तर घाबरून जाऊ नका. आपण स्वतःच फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडे खुडतो. ओल असेल तर पीक सावरतं. फुलं-घाटे गेले तर मात्र भरून येत नाही. आणि खाण्यापेक्षा तुडवण्याने, गव्हात बसण्या-लोळण्याने होणारी नासाडी पुष्कळदा जास्त असते.

कुंपण करायचं तर सौर कुंपण, झटका यंत्रासह. तारेला टेकलेलं गवत कापत राहा, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. रोही ठरलेल्या जागीच कुंपण ओलांडतो, बऱ्याचदा खालून घुसून. त्या जागा शोधून खालची तार नीट ताणा. घरगुती लाइनचा करंट तारेत सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात, बहुधा शेजारचा किंवा आपल्याच घरचा. एकट्याचं कुंपण रोह्याला फक्त शेजारच्या वावरात पाठवतं. लागून असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून एकच वेढा घेतला तर खर्चही कमी येतो.

कळपाला अंधारात विहिरीच्या किंवा रस्त्याच्या दिशेने पळवू नका. कठडा नसलेल्या विहिरीत रोही पडतात. तुरीत एकटं बसलेलं पिल्लू दिसलं तर उचलू नका. सुरुवातीचे काही आठवडे आई त्याला असंच लपवून चरायला जाते.

नुकसान झालंच तर 3 दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सोबत सातबारा, पायांच्या ठशांचे आणि तुटलेल्या शेंड्यांचे फोटो जोडा. वन्यप्राणी विहिरीत पडला किंवा जखमी दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्यात डवरणी किंवा ओलित करू नका. ठसे पुसले की पंचांना दाखवायला काही उरत नाही.