लांबलचक इंग्रजी शब्दांचा अर्थ लावताना या चुका टाळा

डिस्चार्ज कार्डावर ‘लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी’ असं लिहिलेलं असतं आणि घरात सगळे म्हणतात, “खडे काढले.” प्रत्यक्षात खड्यांसकट अख्खं पित्ताशयच काढलेलं असतं. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी आणि एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं. एवढे तीन तुकडे माहीत असते तर पुढच्या डॉक्टरला “ऑपरेशन झालंय, पण पित्ताशय आहे” असं कुणी सांगितलं नसतं.

नाशिककरांच्या हातात असे शब्द सारखे येतात. कधी दवाखान्याच्या फायलीत, कधी द्राक्षाच्या औषधाच्या डब्यावर, कधी पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर. त्यांची लांबी बघून दडपून जायचं कारण नाही. ते सोडवायची हत्यारं मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाकडे आहेत.

डावीकडून सुरुवात करणं

तत्पुरुष समास आठवा. ‘राजपुत्र’ हा राजा नव्हे, पुत्र. मुख्य पद शेवटचं. ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत आलेले बहुतेक लांब शब्द याच चालीने बनलेत, म्हणून विग्रह शेपटीकडून करायचा. पेन्सिल घ्या आणि उजवीकडून एकेक उभी रेघ मारत या.

‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी’ घेऊ. शेवटी ग्राफी, म्हणजे नोंद घेण्याची क्रिया. त्याआधी सेफॅलो, म्हणजे डोकं. त्याला चिकटलेलं एन, म्हणजे आत. डोक्याच्या आत म्हणजे मेंदू. सर्वांत पुढे इलेक्ट्रो, म्हणजे वीज. झालं: मेंदूतल्या विजेची नोंद घेणं. हीच ती ईईजी. शेपटी बदलली की वस्तू बदलते. ग्राफ हे यंत्र, ग्राफी ही क्रिया आणि ग्राम हा हातात मिळणारा आलेख. ईसीजीचा जो कागद फायलीला लावतात, तो कार्डिओग्राम.

शस्त्रक्रियेच्या शेपट्या तर एका अक्षराने फिरतात. टॉमी म्हणजे छेद देणं, स्टॉमी म्हणजे तोंड किंवा वाट करून ठेवणं, एक्टॉमी म्हणजे तो भागच काढणं. कोलॉटॉमी, कोलॉस्टॉमी आणि कोलेक्टॉमी या मोठ्या आतड्यावरच्या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर सही करताना शेवटची तीन-चार अक्षरं बोट ठेवून वाचा.

सांधा चुकीच्या जागी तोडणं

दोन तुकड्यांच्या मध्ये बहुतेक वेळा एक ‘ओ’ येतो. तो सांधण्यापुरता असतो, त्याला स्वतःचा अर्थ नाही. शेवटची शेपटी स्वराने सुरू झाली की तो बहुधा गळतो: गॅस्ट्र-ओ-स्कोपी, पण गॅस्ट्र-आयटिस. आपल्या स्वरसंधीसारखाच हा हिशेब आहे.

हा सांधा न ओळखल्यामुळे ‘हेलिकॉप्टर’ हेली आणि कॉप्टर असा तोडला जातो. मूळ तुकडे आहेत हेलिको, म्हणजे फिरता किंवा मळसूत्री, आणि प्टेर, म्हणजे पंख. तुकड्याचा चेहरा ओळखीचा वाटला म्हणून अर्थही तोच, असं धरून चालू नका. ‘ऑर्थोपेडिक’मधला पेड म्हणजे पाय, असं अनेक जण बिनधास्त सांगतात. तो पाय नाही, मूल आहे. निकोला आन्द्री या फ्रेंच वैद्याने 1741 मध्ये मुलांच्या शरीरातलं वाकडेपण सरळ करण्याच्या विद्येसाठी हा शब्द घडवला. आज तो सगळ्याच वयाच्या माणसांच्या हाडांसाठी वापरतात. विग्रहातून शब्दाचा उगम कळतो. आजचा अर्थ शब्दकोशात एकदा ताडून पाहावाच लागतो.

‘हायपरटेन्शन’चं तसंच. हायपर म्हणजे जास्त आणि टेन्शन म्हणजे इथे रक्तवाहिन्यांवरचा दाब. मनावरचा ताण नव्हे. “मला कसलंच टेन्शन नाही, मग गोळी कशाला?” हा प्रश्न या गैरसमजातूनच येतो आणि गोळी बंद करणं महागात पडतं. हायपो म्हणजे कमी. हायपोग्लायसेमियात साखर उतरलेली असते, हायपरग्लायसेमियात चढलेली. फोनवर सांगताना हे दोन शब्द एकसारखे ऐकू येतात, म्हणून सोबत “कमी झालीय” किंवा “वाढलीय” असं मराठीत सांगाच.

‘इन’ दिसला की नकार समजणं

मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधनाचे टँकर निघतात. अशा टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं दिसतं. इनकम्प्लीट म्हणजे अपूर्ण, म्हणून इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं, असा तर्क केला तर जिवावर बेतेल. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत, मध्ये’ या अर्थाचा आहे. इन्फ्लेमेबल आणि फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. ‘इनव्हॅल्युएबल’मध्ये ‘इन’ नकाराचाच आहे, पण अर्थ कवडीमोल असा होत नाही. ज्याची किंमत करता येत नाही, असं अनमोल.

औषधाच्या डब्यावरचं फक्त मोठं नाव वाचणं

निफाड-दिंडोरी पट्ट्यात ही चूक पैशाला आणि बागेला, दोन्हीकडे लागते. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगासाठी एक औषध मारलं, हटली नाही, म्हणून दुकानातून दुसरं आणलं. डबा वेगळा, कंपनी वेगळी. पण बारीक अक्षरातलं नाव बघितलं तर आधी हेक्झाकोनॅझोल होतं आणि आता डायफेनोकोनॅझोल आहे. शेपटी तीच: कोनॅझोल. ही दोन्ही ट्रायझोल गटातली आहेत आणि बुरशीच्या पेशीचं आवरण बनवायला लागणाऱ्या अर्गोस्टेरॉलवर एकाच जागी घाव घालतात. टेब्युकोनॅझोलही त्याच घरचं. डबा बदलला तरी औषध बदललेलं नसतं आणि एकाच जागी वारंवार घाव बसला की बुरशी त्याला दाद देईनाशी होते.

ॲझोक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लोक्सिस्ट्रोबिन यांची शेपटी स्ट्रोबिन. हा गट बुरशीच्या श्वसनावर मारा करतो, म्हणून कोनॅझोलनंतर हा आला तर खरी फेरपालट होते. दोन अपवाद मात्र वहीत लिहून ठेवा: मायक्लोब्युटॅनिल शेपटी वेगळी असूनही ट्रायझोलच आहे, आणि क्रेसॉक्झिम-मिथाइल स्ट्रोबिनच्या गटात मोडतं. म्हणून शेपटीवर विसंबून थांबू नका, बुरशीनाशकांचे गट पाडणाऱ्या ‘फ्रॅक’ या संस्थेच्या यादीतला गटाचा आकडा पाहा. ट्रायझोलचा 3, स्ट्रोबिनचा 11. मिश्र औषधात दोन्ही गट एकत्र असू शकतात, तेव्हा अधिकच्या चिन्हापुढचं नावही वाचा.

निर्यातीच्या कागदांतला ‘फायटोसॅनिटरी’ हा शब्दही असाच फसवतो. फायटो म्हणजे वनस्पती, सॅनिटरी म्हणजे आरोग्याचं. मालासोबत ठरावीक कीड-रोग जात नाहीत, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. औषधाचा अंश मर्यादेत आहे की नाही, हे रेसिड्यूच्या तपासणीत कळतं आणि तो अहवाल वेगळा असतो.

स्पर्धेसाठी राक्षसी शब्द नुसते घोकणं

45 अक्षरांचा ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ मुलं धापा टाकत म्हणून दाखवतात. त्यांना विचारा, कोनि म्हणजे काय? धूळ. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका-धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार, असा पूर्ण अर्थ. पण डॉक्टर हा शब्द वापरत नाहीत. तो 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेत, सर्वांत लांब शब्द हवा म्हणूनच घडवला गेला. दवाखान्यातला शब्द आहे सिलिकोसिस.

त्यापेक्षा 29 अक्षरांचा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ शिकवायला कितीतरी छान. यात क्षुल्लक या अर्थाचे चार लॅटिन शब्द ओळीने उभे आहेत. त्यांतला एक लोकरीचा पुंजका, एक केस, एक चक्क ‘काहीच नाही’. 1741 च्या एका पत्रात तो सापडतो. मराठीत त्याला चपखल जोड आहे: कस्पटासमान लेखणं. मुलाला ही जोड एकदा सांगितली की शब्द घोकावा लागत नाही.

स्पेलिंगही तुकड्यानेच पाठ करावं. देवनागरीत लिहून पाठ केलं तर न्यूमोनियाचा पहिला ‘पी’ हरवणार, कारण तो उच्चारात नाहीच. डायरिया आणि पायोरिया यांची शेपटी एकच, अर्थ ‘वाहणं’. ब्रिटिश पद्धतीने तिचं स्पेलिंग दोन आर, एच, ओ, ई, ए. शेपटी एकदा बसली की दोन्ही शब्द बसले.

उच्चारात आपली अडचण अशी की मराठीच्या सवयीने प्रत्येक अक्षराला सारखंच वजन दिलं जातं. इंग्रजीत वजन शेपटी ठरवते. फोटोग्राफमध्ये ‘फो’वर, फोटोग्राफीत ‘टो’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’वर. तिन्ही पाठोपाठ मोठ्याने म्हणा, फरक कानाला लगेच लागेल.

ओळखीच्या शब्दावरून अख्ख्या वाक्याचा अर्थ काढणं

करारातलं ‘नॉटविथस्टँडिंग’ हे उभं राहण्याशी जोडू नका. त्याचा अर्थ ‘काहीही नमूद असलं तरी’. ज्या कलमाची सुरुवात या शब्दाने होते, ते त्यात उल्लेखलेल्या कलमांवर मात करतं. ‘सब्जेक्ट टू’ याच्या बरोबर उलट, म्हणजे ‘च्या अधीन राहून’. एखादी सवलत ‘सब्जेक्ट टू’ने सुरू झाली असेल, तर आधी ज्याचा हवाला दिलाय ते कलम शोधून वाचा.

सर्वांत जास्त फटका जामीनदाराला बसतो, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’मुळे. सेव्हरल म्हणजे अनेक, म्हणून “आपण तिघे जामीनदार, तिघांत वाटून येईल” असा हिशेब मांडला जातो. इथल्या सेव्हरलीचा अर्थ आहे ‘प्रत्येक जण स्वतंत्रपणे’. सहा लाख थकले तर बँक तिघांतल्या कुणाही एकाकडे सहाच्या सहा लाख मागू शकते. उरलेल्या दोघांकडून त्यांचा वाटा वसूल करणं मग त्याच्या गळ्यात. तुमची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच ठरली असेल, तर तो आकडा सही करण्याआधी त्या करारातच लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.