दिवाणातल्या पाचशे प्रती

स्वतःचं पुस्तक स्वतः छापायचं ठरलं की लोक हमखास विचारतात, प्रेस कुठली, खर्च किती, मुखपृष्ठ कोण करतंय. प्रती ठेवणार कुठे, हे मला कोणीही विचारलं नाही. भांडुपला आमचं वन रूम किचन. डेमी आकारातलं 192 पानी पुस्तक सव्वादोनशे ग्रॅम भरतं, म्हणजे पाचशे प्रतींचे झाले एकशे बारा किलो. जुलैतल्या एका शनिवारी टेम्पोवाला पंचवीस गठ्ठे गेटपाशी उतरवून निघून गेला, आणि लिफ्ट बंद होती. सासूबाईंनी दिवाणातल्या गोधड्या बाहेर काढल्या, गठ्ठे आत बसतात का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी सगळी विकायचीत? कोणाला गं?"

त्यांचा प्रश्न मी छापायच्या आधी स्वतःला विचारायला हवा होता.

मी सहकारी बँकेत नोकरी करते, कथा लिहिते. काही कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. दोन प्रकाशकांकडे संग्रह पाठवला, एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याने शंभर प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणून सांगितलं. मग विचार केला, पैसे घालायचेच आहेत तर हिशेब तरी आपल्या हातात राहू दे. म्हणून हा हिशेब आधी मांडते. अक्षरजुळणी पानाला 25 रुपये, म्हणजे 4,800. मुद्रितशोधन पानाला 20 रुपये, 3,840. मुखपृष्ठाचे 6,000. कागद, छपाई, बांधणी मिळून 48,000. एकूण 62,640, म्हणजे प्रतीला सव्वाशे रुपये. किंमत ठेवली 280. दुकानाला 40 टक्के कमिशन दिलं की माझ्या हातात येतात 168. याच भावाने 373 प्रती विकल्या तेव्हा कुठे घातलेले पैसे सुटणार. पाचशेतल्या साठ प्रती भेट म्हणून गेल्या. त्यात नातेवाईक आले, बँकेतले सहकारी आले आणि 'अभिप्राय कळवतो' म्हणणारे आले, त्यांचा अभिप्राय अजून यायचाय. आता तुम्हीच वजाबाकी करा. शिवाय 'पाचशे छापा, शंभर छापले तर प्रत महाग पडते' हे प्रेसवाल्याचं म्हणणं खरंच असतं. ऑफसेट म्हणजे प्लेट बनवून होणारी छपाई, तिथे प्लेट, मशिनची जुळवाजुळव हा खर्च शंभरला तेवढाच, पाचशेलाही तेवढाच. प्लेटशिवायच्या डिजिटल छपाईत मला प्रतीला दीडशेच्या आसपास भाव मिळत होता. तेव्हा तो महाग वाटला. आज वाटतं, शंभर प्रतींचे पंधरा हजार गेले असते आणि गोधड्या जागच्या जागी राहिल्या असत्या.

प्रेस म्हणजे लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. तिथले काका माणूस चांगले. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, म्हणून पानांची संख्या सोळाने भाग जाईल अशी ठेवा, हे त्यांनीच शिकवलं. माझं पुस्तक 187 पानांचं होत होतं. पाच पानं कोरी सोडण्यापेक्षा शेवटी एक छोटी कथा घातली, आणि वाचकांना नेमकी तीच आवडली.

आता जी चूक झाली ती सविस्तर सांगते, कारण मराठीत पुस्तक करणाऱ्या कोणाच्याही वाट्याला ती येऊ शकते. मी युनिकोडमध्ये लिहिलं होतं. अक्षरजुळणी करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे युनिकोडशी न जुळणारा जुना श्रीलिपीचा फॉन्ट, म्हणून त्याने मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. प्रूफ मी दोनदा वाचलं, पण त्यानंतर शेवटच्या दुरुस्त्या करताना त्याने दोन कथा पुन्हा कन्व्हर्ट केल्या आणि मला दाखवल्या नाहीत. कन्व्हर्टरला आपला ऱ्य समजत नाही, तो र्य करून टाकतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, ते एक वेळ वाचक समजून घेईल. माझ्या एका कथेत लग्नघरातला स्वयंपाकी आहे. तिथे 'आचाऱ्याने मीठ जास्त घातलं' असं वाक्य होतं. छापून आलं, 'आचार्याने मीठ जास्त घातलं'. दऱ्याखोऱ्यांचं काय झालं ते सांगत नाही. पाचशेच्या पाचशे प्रतींत हे गेलं. तेव्हा छपाईला जाणारी शेवटची पीडीएफ मागा, कागदावर काढा आणि सगळी नाही तरी निदान ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द एकेक करून तपासा. श आणि ल हिंदी वळणाचे तर उमटले नाहीत ना, तेही बघून घ्या. मुद्रितशोधकाचे पैसे वाचवू नका, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा बघायचे पैसे आधीच ठरवा.

दुसरी चूक माझी एकटीची. मी जुलैत छापलं. मुंबईच्या पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो. कव्हरला लॅमिनेशन एकाच बाजूला असतं, त्यामुळे आतली बाजू फुगते आणि कव्हर वरच्या बाजूला वळतं. गठ्ठा सोडल्यावर चार दिवसांत माझी पुस्तकं कोबीच्या पानांसारखी उघडली. काका म्हणाले, "ताई, वजन ठेवा." आम्ही गव्हाचं पिंप ठेवलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. मला एकाने तीन हजार मागितले होते. भारतात हा नंबर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, अर्ज ऑनलाइन होतो, लेखकाला स्वतःच्या नावाने करता येतो आणि फी काही नाही. कॉपीराइटचंही असंच आहे, लिहिलं की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. मात्र 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत चार ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते, आणि स्वतः छापलंत की प्रकाशक तुम्हीच. कोलकाता, चेन्नई, दिल्ली टपालाने. चौथी मुंबईची, ती मी फोर्टात टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढून हातोहात देऊन आले. रजा टाकून गेले होते. खरं तर प्रकाशन समारंभापेक्षा तो दिवस मला जास्त आवडला.

'पॅकेज' देणाऱ्यांबद्दल थोडक्यात. चाळीस हजारांत सगळं करून देतो म्हणणारे बरेच भेटतील, त्यातले काही सरळ असतात. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. आयएसबीएन कोणाच्या नावावर? मुखपृष्ठाची आणि आतल्या पानांची मूळ फाइल मला मिळणार का? नेमक्या किती प्रती छापणार आणि त्या कोणाच्या ताब्यात राहणार? पुढची आवृत्ती दुसरीकडे काढायची मोकळीक आहे का? या प्रश्नांनी समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा. आणि पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघा. मी तिच्याबद्दल ऐकलं तेव्हा गठ्ठे दिवाणात गेले होते.

आता विक्री. दादरला पिशवी घेऊन दुकानांतून फिरले. कथासंग्रह म्हटल्यावर एक दुकानदार हसले, पण वाईट हसले नाहीत. "ताई, पाच ठेवून जा. संपल्या तर फोन करतो." दुकानाचा व्यवहार असा उधारीचाच असतो, प्रती विकल्या की पैसे आणि राहिल्या की परत. त्यांनाही फळीची जागा मोजूनमापून वापरावी लागते, त्यामुळे राग धरण्यात अर्थ नाही. पण चलन, म्हणजे किती प्रती दिल्या त्याची पावती करून सही घ्या आणि दर तीन महिन्यांनी स्वतः जा. एका वितरकाला मी सत्तर प्रती दिल्या आणि बँकेत काम करत असूनही चलनावर सही घेतली नाही. चौदा महिन्यांनी त्रेचाळीस प्रती परत आल्या, कोपरे दुमडलेल्या. उरलेल्या सत्तावीस प्रतींबद्दल फोनवर आजही 'बघतो मॅडम' एवढंच उत्तर मिळतं.

माझी खरी विक्री हातोहात झाली. वाचनालयं, वाचक कट्टे, महिला मंडळं आणि सोसायटीचा गणपती. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला प्रत्येक वाचनालयाला कोणीतरी बोलणारं माणूस हवं असतं, तेव्हा जानेवारीतच पत्र टाका. मानधन बहुतेक ठिकाणी शाल-श्रीफळ असतं. माझ्याकडे अकरा शाली जमल्यात. पण टेबलावर क्यूआर कोड ठेवून एक कथा नीट वाचून दाखवली की पंधरा-वीस प्रती जातात, आणि तिथे कमिशन द्यावं लागत नाही. प्रत्येक घेणाऱ्याचं नाव आणि नंबर, त्याला विचारून, वहीत लिहिते. आज वहीत एकशे नव्वद नावं आहेत. दिवाळीच्या तोंडावर मात्र पुस्तक काढू नका, तेव्हा वाचकाचे पैसे अंकांवर जातात.

गावोगावच्या मागण्यांसाठी आता टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे, 1 मे 2025 पासून. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, वर कर. आमचं पुस्तक पाकिटासकट त्यात बसतं, म्हणून पुढचं पुस्तकही 192 पानांपुढे न्यायचं नाही असं ठरवलंय. कलेच्या दृष्टीने हे कारण फारसं भारदस्त नाही, हे मला मान्य आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक टाकता येतं, रॉयल्टी 35 किंवा 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 हवेत तर ते ई-पुस्तक इतर कुठे विकायचं नाही, अशी अट आहे. पहिल्या वर्षी माझ्या तेवीस प्रती गेल्या. त्यातल्या काही अमेरिकेत, बहुधा कोणाच्या तरी सुनेने घेतल्या असाव्यात.

मागच्या महिन्यात सांगलीहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांनी चुकांची यादी केली होती, पान आणि ओळ घालून, एकूण एकतीस. "बाई, आचार्यांनी मीठ कसं घातलं ते कळेना, म्हणून पुन्हा वाचलं." मी यादी व्हॉट्सॲपवर मागवली. दुसऱ्या पुस्तकाचं प्रूफ वाचाल का, असंही विचारलं. पानाला वीस रुपये सांगितले तर ते पंचवीसवर अडून बसले.

दिवाणात अजून त्रेसष्ट प्रती आहेत. नव्या पुस्तकाच्या दीडशे छापायच्या, आणि काकांना बजावून ठेवलंय, मे संपायच्या आत हातात हव्यात.