वादळात पडलेलं झाड चेनसॉने कापायचंय? आधी ताण कुठे आहे ते बघा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्यांमधे नारळ, पोफळी, आंबे, फणस एकावर एक आडवे झाले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. एवढा पसारा कोयत्या-कुऱ्हाडीने आवरणं शक्यच नव्हतं, चेनसॉशिवाय पर्याय नव्हता. आता पावसाळ्यात एखादं झाड पडलं की लोक मशीन घेऊन सरळ भिडतात, आणि मला काळजी वाटते ती इथेच. झाड पडलंय म्हणजे धोका संपला असं वाटतं, पण आडव्या झाडात ताण कोंडून राहिलेला असतो आणि चुकीच्या बाजूने चेन लावलीत की तो एका क्षणात सुटतो.

सगळ्यात आधी तारा बघा. झाडाखाली किंवा फांद्यांत विजेची तार असेल तर लांबच थांबा, 1912 ला फोन करा आणि लाइन बंद केल्याचं महावितरणच्या माणसाकडून कळेपर्यंत झाडाला हातही लावू नका. गावात लाइट नाहीये म्हणून तार मेलीय असं धरून चालू नका, कुणाचा तरी इन्व्हर्टर नाहीतर जनरेटर उलटा करंट सोडू शकतो.

मग झाडाभोवती एक चक्कर मारा, मशीन बंद ठेवूनच. खोड दोन्ही टोकांना टेकलंय आणि मधे अधांतरी आहे का? तर वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण असतो. अशा वेळी आधी वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून वर. एकच टोक धरलेलं आहे आणि दुसरं लोंबतंय, तर बरोबर उलटं, आधी खालून एक तृतीयांश मग वरून. खोड आडवं वाकून कशात तरी अडकलं असेल तर वाकलेल्या भागाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, कारण सुटलं की ते बाहेरच्या बाजूला फटका मारतं. कापताना नजर चिरेवर ठेवा. चीर मिटायला लागली की तुम्ही दाबाच्या बाजूला आहात, लगेच बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, बाहेर काढा नाहीतर अडकेल, आणि चीर उघडायला लागली की ताणाची बाजू, तिथे हळूहळू कापा. बार अडकलाच तर हिसके देऊ नका, इंजिन बंद करा, चिरेत पाचर ठोका आणि मग काढा.

मुळांसकट उपटलेल्या झाडाबद्दल तर कळकळीने सांगतो, त्या मुळांच्या गड्ड्यामागे किंवा खड्ड्यात कुणालाही उभं राहू देऊ नका, मुलांना तर अजिबातच नाही. खोड कापून वजन कमी झालं की तो अख्खा गड्डा मातीसकट धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो.

दुसरा मोठा धोका म्हणजे किकबॅक. चेन फिरत असताना बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि पडलेल्या फांद्यांच्या गुंत्यात टोक टेकायला वेळ लागत नाही, म्हणून मशीन दोन्ही हातांनी धरायचं, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळवून, आणि डोकं बारच्या रेषेत आणायचं नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच नाही. सुरू करताना जमिनीवर ठेवून, चेन फिरू न देणारा चेन ब्रेक लावून, उजवा पाय मागच्या हँडलमधे घालून दोरी ओढा.

लुंगी, गळ्यातला टॉवेल, स्लिपर हे सगळं घरी ठेवा. हेल्मेट, जाळीचा व्हायझर, कानाला मफ, बूट एवढं तरी पाहिजेच, आणि परवडत असेल तर चेनसॉची खास पँट घ्या. तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे बाहेर येऊन चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, म्हणजे स्प्रॉकेटमधे, गुंततात आणि चेन थांबते. पाय वाचतो हो.

पेट्रोलमधे टू-स्ट्रोक ऑइल मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच, 50:1 (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) असेल तर लिटरला 20 मिली. गरम इंजिनमधे पेट्रोल ओतू नका. भुशाऐवजी बारीक पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली समजा, जोर लावत बसण्यापेक्षा कानस काढा. नारळाचं खोड बाहेरून फार कडक असतं, त्यावर चेनची धार लवकर जाते, तिथे कानस जवळच ठेवा.

उभ्या झाडाची मोडकी फांदी काढायची असेल तर तीन काप द्या. खोडापासून फूटभर लांब खालून एक, त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी सालीची पट्टी न सोलता पडते, आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, पण खोडाला अगदी चाटून नाही, फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं ते शाबूत ठेवून. जखम तिथूनच भरून येते. उभा आंबा किंवा फणस पूर्ण तोडायचा असेल तर मात्र आधी परवानगी लागते, 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे, शहरात 1975 चा वेगळा, तेवढी चौकशी करूनच मशीन बाहेर काढा.