खिडकी मोठी, पण प्रोग्राम अर्ध्यातच: टर्मिनलचा आकार नीट कसा लावावा

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, व्हिम हा टेक्स्ट एडिटर अर्ध्या पडद्यावरच उघडतो, मिडनाइट कमांडर या फाइल मॅनेजरची खालची ओळ गायब होते, किंवा लांब कमांड टाइप करताना अक्षरं पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढतात. अशा वेळी खिडकी ओढत बसण्याआधी मी एकच कमांड चालवतो: एसटीटीवाय साइझ. उत्तरात दोन आकडे येतात, आधी ओळी, मग स्तंभ. समोर भलीमोठी खिडकी असताना '२४ ८०' आलं, तर दुखणं सापडलं.

कारण आकार दोन ठिकाणी असतो. एक तुम्हाला दिसणारी खिडकी, दुसरी कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्या टर्मिनलसाठी ठेवलेली नोंद. प्रोग्राम ही नोंद वाचतात. तुम्ही खिडकी ओढली की टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे ती खिडकी दाखवणारा प्रोग्राम, नोंद बदलतो, कर्नल चालू प्रोग्रामला सिगविंच हा सिग्नल पाठवतो आणि प्रोग्राम पडदा नव्याने रेखाटतो. नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून देणारं एसएसएचसुद्धा हा बदल पलीकडच्या मशीनला कळवतं.

सिरियल केबलवर मात्र आकार कळवायची सोयच नाही. मला सर्वांत जास्त त्रास होतो तो इथेच. त्यामुळे अशा केबलने जोडलेल्या छोट्या संगणक-बोर्डावर लॉगिन झाल्याबरोबर मी रिसाइझ ही कमांड देतो. ती कर्सरला पार खालच्या उजव्या कोपऱ्यात पाठवते, 'आता कुठे आहेस?' असं टर्मिनललाच विचारते आणि आलेलं उत्तर नोंदवते. छोट्या सिस्टिमवर ती नसेल तर आकडे हाताने द्या: एसटीटीवाय रोझ ४० कॉल्स १२०. आकडे खिडकीशी तंतोतंत जुळले पाहिजेत. एक स्तंभ जास्त झाला तरी चौकटी तुटतात.

नवीन खिडकी बऱ्याचदा ८० स्तंभ आणि २४ ओळींची उघडते, ती १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलची आठवण. आज ती अपुरी वाटते. ग्नोम टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा आकार बदलता येतो. मी १२० स्तंभ आणि ४० ओळी ठेवतो, म्हणजे लॉगच्या ओळी फारशा मोडत नाहीत. एक्सटर्म या दुसऱ्या टर्मिनल प्रोग्रामला जिऑमेट्री पर्यायातून आकार देताना सावध राहा, तिथे आधी स्तंभ आणि मग ओळी, एसटीटीवायच्या बरोबर उलट. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये खिडकी ओढल्यावर ओळी-स्तंभ बदलायचे की फॉन्ट, हे ठरवता येतं. पहिलाच पर्याय ठेवा.

टीमक्समध्ये, म्हणजे टर्मिनलचं सेशन चालू ठेवून नंतर पुन्हा जोडू देणाऱ्या प्रोग्राममध्ये, कडेची जागा ठिपक्यांनी भरलेली दिसली, तर तेच सेशन दुसरीकडे लहान खिडकीत उघडं आहे. सेशनला पुन्हा जोडताना, म्हणजे अटॅच करताना, डी हा पर्याय द्या, बाकीच्या खिडक्या त्यापासून सुटतील.

एवढं करूनही प्रोग्रामचा आकार बदलत नसेल, तर तुमची बॅशआरसी फाइल, म्हणजे बॅश शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल, तपासा. लाइन्स आणि कॉलम्स ही व्हेरिएबल तिथे कधीकधी कुणीतरी एक्सपोर्ट करून, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना दिसतील अशी, ठेवलेली असतात. एनकर्सेस या पडदा रेखाटणाऱ्या लायब्ररीवर लिहिलेले प्रोग्राम त्या आकड्यांना कर्नलच्या नोंदीपेक्षा वरचढ मानतात, मग खिडकी कितीही ओढा. त्या ओळी काढून टाका, दोन्ही व्हेरिएबल अनसेट करा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.